देवीलाही पलंग लागतो

भाद्रपद लागला की दिवाळीपर्यंत आमच्यासारख्या घरांत कॅलेंडर बघायची गरज पडत नाही. ओट्यावर काय चाललंय त्यावरून तिथी कळते. पुरणाची डाळ शिजतेय म्हणजे महालक्ष्म्या आल्या. गवार, भोपळा, कारलं आणि आळूची पानं एकाच पिशवीतून बाहेर पडली म्हणजे घरी पितर आहे. बाथरूमपासून अंगणापर्यंत गोधड्या भिजत पडल्या म्हणजे घट बसायला दोन दिवस राहिले. आणि भाजणीचा वास गल्लीभर सुटला की दिवाळी. याच्या मधल्या फटींत मुलांची सत्र परीक्षा, ऑफिसातले सप्टेंबरअखेरचे हिशेब, नात्यातल्या कुणाचा तरी दवाखाना, आणि ज्यांचं शेत आहे त्यांची सोयाबीनची काढणी.

मी भिंगारला राहते आणि नगरला एका पतसंस्थेत नोकरी करते. घरात सासूबाई आहेत. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या वॉकर घेऊन चालतात. मुलगा दहावीला, मुलगी पाचवीला. आमचे हे सुप्याच्या एमआयडीसीत पाळीने कामाला जातात. भिंगारच्या कुठल्याही गल्लीत जाऊन दार वाजवा, थोड्याफार फरकाने हेच घर सापडेल. म्हणूनच जे लिहिते आहे ते एकटीचं गाऱ्हाणं नाही, असं मी धरून चालते.

अशा दिवसांत हल्ली आम्हाला एक सल्ला फार मिळतो. कृतज्ञ राहा. रात्री झोपण्याआधी वहीत चार चांगल्या गोष्टी लिहा, म्हणजे शीण जाणवणार नाही. मोबाइलवर सकाळी फुलांच्या चित्रावर हेच येतं, शाळेच्या पालकसभेत हेच सांगतात, ऑफिसातल्या प्रशिक्षणातही हेच. सल्ल्यात खोटं काही नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. काही जणांनी ज्यांबद्दल ऋणी वाटतं अशा गोष्टी लिहायच्या, काहींनी त्रासाच्या. ऋणाच्या गोष्टी लिहिणारे आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी आढळले. मला ते पटतं. पण आपल्याकडे हा सल्ला कुणाच्या गळ्यात पडतो ते बघा. जी पहाटे पाचला उठते आणि रात्री सगळ्यांच्या नंतर पाठ टेकते, तिच्याच. दमायचंही तिनेच आणि दमल्यावर आपलं मन समजवायचंही तिनेच. घरातल्या बाकी कुणाला तसूभर हलावं लागत नाही. हे मला मान्य नाही. कृतज्ञता आधी दमलेल्या माणसाकडे चालत आली पाहिजे. मग त्याच्या मनात ती आपसूक उगवते. हे मत मला कुठल्या पुस्तकाने दिलं नाही. दर नवरात्रात आमच्या बाजूने तुळजापूरला जाणाऱ्या दोन लाकडी वस्तूंनी दिलं.

एक आहे पालखी. ती राहुरीत घडते आणि भिंगारशेजारच्या बुऱ्हाणनगरहून निघते. तिचा मान तिथल्या भगत घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. दुसरा आहे पलंग. तो पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावला तयार होतो आणि जुन्नरच्या बाजूने मजल दरमजल करत नगरकडे येतो. वाटेत गावोगाव लोक दर्शनाला उभे असतात. बायका पलंगाच्या खुराला हात लावून तो कपाळाला लावतात. दसऱ्याच्या आत दोन्ही तुळजापूरला पोचतात.

पालखी कशासाठी लागते ते सगळ्यांना माहीत आहे. दसऱ्याच्या पहाटे सीमोल्लंघनाला मूर्ती सिंहासनावरून हलवतात, तिला इजा होऊ नये म्हणून साड्या गुंडाळतात आणि पालखीतून मंदिराभोवती प्रदक्षिणा होते. पण पलंग? पलंग झोपण्यासाठी. महिषासुराशी लढून देवी दमलेली असते, म्हणून सीमोल्लंघन झालं की तिला पलंगावर निजवतात. कोजागिरीपर्यंत ती निजलेली असते. या झोपेला श्रमनिद्रा म्हणतात. तुळजाभवानीच्या वर्षात अशा तीन निद्रा आहेत. नवरात्राच्या आधी घोर निद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा, आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा.

ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, आणि म्हणूनच तिच्यात केवढा मोठा विचार आहे तिकडे लक्ष जात नाही. ज्या देवीने सगळ्यांसाठी लढाई केली तिला भक्तांनी आरती दिली, ओटी भरली, नैवेद्य दाखवला. आणि तेवढ्यावर न थांबता तिला झोप दिली. तुळजाभवानी अष्टभुजा आहे. आठ हात असूनही ती दमते, हे आपल्या पूर्वजांनी मोकळेपणाने कबूल केलं. ‘तू तर आदिशक्ती, तुला कसला थकवा’ असं कुणी म्हटलं नाही. दुसऱ्या जिल्ह्यातून पलंग करून आणला, वाहून नेला, आणि म्हटलं, आता पड.

आता याच नवरात्रात मोबाइलवर फिरणारं ते दुसरं चित्र आठवा. साडी नेसलेली बाई, तिला दहा हात, आणि एकेका हातात झारा, झाडू, लॅपटॉप, तान्हं बाळ, औषधाची बाटली, कुकर. खाली लिहिलेलं असतं, घरोघरच्या दुर्गेला नमन. त्या चित्राचा मला मनापासून राग येतो. देवीच्या हातांत शस्त्रं आहेत आणि तिची लढाई कधीतरी संपते. या बाईच्या हातांतलं काहीच संपणारं नाही, आणि चित्रात पलंग कुठेच नाही. नमन केलं की पाठवणाऱ्याचं काम झालं.

माझं माहेर पाथर्डी तालुक्यातलं, कोरडवाहू शेतीचं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असायची. वडील बैलांना धुऊन आणायचे, गरम पाण्याने मान शेकायचे आणि मग हळद-तूप एकत्र करून खांद्याला चोळायचे. मी कंदील धरून उभी असायची. वडील त्या वेळी फारसं बोलत नसत. अंगठ्याने चाचपत जायचे, जिथे जू बसून बसून घट्टा पडलाय ती जागा आली की थांबायचे, आणि तिथे खूप वेळ हात फिरवायचे. बैल मान खाली घालून डोळे मिटायचा. दुसऱ्या दिवशी त्याला औताला जुंपायचं नाही, पुरणपोळी खाऊ घालायची, मिरवायचं. झूल, शिंगांचे रंग, घुंगुरमाळा हे सगळं पोळ्याच्या दिवशीचं. खरं काम आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात झालेलं असायचं. वडिलांना बैलाचं नेमकं कुठे दुखतं ते माहीत होतं, कारण ते त्याच्या बरोबर शेतात असायचे.

घरात जू कुठे बसतं, हे सरकारने मोजलंसुद्धा आहे. वेळेचा वापर कसा होतो याचं देशव्यापी सर्वेक्षण २०२४ मध्ये झालं. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची सरासरी २८९ मिनिटं जातात असं निघालं. तेच काम करणाऱ्या पुरुषांची ८८. आधीच्या २०१९ च्या सर्वेक्षणात हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, पण ती पुरुषांनी उचलली म्हणून नव्हे. त्यांचीही नऊ कमीच झाली. ही सरासरी वर्षभराची आहे. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशीची मिनिटं मोजायला अजून कुणी आलेलं नाही.

दमणं ही काही बायकांचीच मिरास नाही, हेही इथेच सांगते. आमचे हे रात्रपाळी करून सकाळी येतात तेव्हा डोळे चुरचुरत असतात. तरी घटाच्या दिवसांत वाटेत थांबून मार्केट यार्डातून झेंडू आणि शेवंती घेऊन येतात, कारण माळ सकाळीच चढवायची असते. पिशवी खुर्चीवर ठेवतात आणि आडवे होतात. एका सकाळी मी लेकीला म्हटलं, “बाबांनी झोप मोडून फुलं आणलीत, ते उठले की त्यांना तसं सांग.” ती दुपारी सांगून आली. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी फुलांबरोबर तिच्यासाठी वेणी आली. आपल्या माणसांत आभार मानायचे नसतात, असं आपल्याकडे समजतात. मला ते चुकीचं वाटतं. कौतुक मोघम असलं की ते कुणालाच पोचत नाही. ‘तुम्ही आमच्यासाठी किती करता’ या वाक्यात काहीच नाही. ‘तुम्ही काल झोपला नाहीत आणि तरी फुलं आणलीत’ यात सगळं आहे, कारण ते बोलणाऱ्याने बघितलेलं असतं.

सासूबाईंचं उदाहरण तर मला रोज नव्याने कळतं. खुब्यामुळे त्यांना धुणं, सारवासारव, पोळ्या काहीच जमत नाही, आणि ज्या बाईने अख्खं आयुष्य यातच घालवलं तिला बसून राहणं किती जड जात असेल. पण बसल्या जागेवरून त्यांनी घरातली कामं एकेक करून आपल्याकडे ओढून घेतली आहेत. लसूण सोलून डबा भरलेला असतो. मेथी निवडलेली असते. नवरात्राच्या फुलवाती भाद्रपदातच वळून झालेल्या असतात. आणि घट बसल्यावर त्या एक काम घेतात जे घरात दुसऱ्या कुणाला झेपणार नाही. अखंड दिव्याला नऊ रात्री जपावं लागतं. वात काजळते, तेल खाली जातं, वाऱ्याने ज्योत फडफडते. त्यांना दुखण्यामुळे रात्री झोप येतच नाही. पहिल्याच रात्री त्या म्हणाल्या, “दिवा मी बघते, तू निवांत झोप.” पलंगाशेजारी खुर्ची, खुर्चीवर तेलाची बुधली, हाताशी वॉकर. मध्यरात्री पाणी प्यायला उठले तर त्या बसलेल्या, एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हाताने पळीतून तेल सोडतायत, एक थेंब बाहेर नाही. सकाळी मी त्यांच्याजवळ बसून म्हटलं, “आई, तुम्ही जागलात म्हणून मला झोप मिळाली.” त्यांनी हात झटकला. “घरच्या माणसाचं काय सांगतीस?” म्हणाल्या. मग थोड्या वेळाने हाक मारून म्हणाल्या, “अगं, हे तेल तडतडतंय. येताना जरा चांगलं आण.” त्या दिवसापासून दिव्याचं तेल, वाती, काडेपेटी सगळ्याचा कारभार त्यांच्याकडे आहे, आणि तो त्या मानाने सांभाळतात.

भिंगारला छावणीचा शेजार आहे. रणगाड्यांच्या दलाचं केंद्र १९४८ पासून नगरला आहे, त्यामुळे गेटवर उभा जवान हे आम्हाला रोजचं दृश्य. पहारा चोवीस तास असतो. पण एकच जवान चोवीस तास उभा नसतो. ठरल्या वेळी दुसरा येतो, पहिला मोकळा होतो. येणारा उपकार करायला आलेला नसतो. त्याची पाळी असते. फौजेला हे कुणी भावनेने शिकवलेलं नाही; दमलेल्या माणसाच्या भरवशावर गेट सोडता येत नाही, एवढं साधं कारण आहे. घरात मात्र एकाच माणसाने वर्षानुवर्षं पहाऱ्यावर उभं राहावं, आणि कधी कुणी भांडी घासली तर त्याने तिला ‘मदत’ केली म्हणून सांगत फिरावं, हे आपल्याला खटकत नाही.

भिंगार आणि नगर शहर यांच्या मध्ये भुईकोट किल्ला आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसचे नेते इथे आणून ठेवले, नेहरूंनी इथे पुस्तक लिहिलं, हे आम्ही पाहुण्यांना हौसेने सांगतो. त्याच कैदेत मौलाना आझाद होते, हे कमी जण सांगतात. ते पहाटेच्या अंधारात उठून स्वतःचा चहा स्वतः करत आणि एका स्नेह्याला पत्रं लिहीत. ती पत्रं त्या वेळी पाठवता येत नव्हती; पुढे १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती छापली गेली. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी झुलैखा बेगम कलकत्त्यात वारल्या. मौलानांनी सुटकेसाठी सरकारपुढे हात पसरला नाही. त्यानंतरच्या पत्रात त्यांनी निघतानाचा क्षण लिहिला आहे. आजारी पत्नी दारापर्यंत आली होती आणि निरोपाच्या शब्दांपलीकडे काही बोलली नव्हती. ती आपल्या विचारांत आणि अडचणींत कशी सोबत उभी होती, तेही लिहिलं आहे. हे सगळं त्या पत्रात आलं तेव्हा ऐकायला त्या नव्हत्या. मौलानांच्या आणि त्यांच्या मध्ये एक तुरुंग आणि अर्धा देश होता. आपल्या घरांत फार तर स्वयंपाकघराचा उंबरा असतो. तेवढं ओलांडून आज, आत्ता, जिवंत माणसाला सांगायला आपल्याला काय अडचण आहे?

म्हणून माझं म्हणणं असं आहे. दसरा ते कोजागिरी हे दिवस आपल्याकडे रिकामे नसतात. घट उठले की लगेच दिवाळीची साफसफाई आणि फराळ सुरू होतो. ते दिवस घरातल्या दमलेल्या माणसाला द्यावेत. तुळजापुरात देवी निजलेली असते, त्याच दिवसांत. नुसता फुलांचा गुच्छ नको, हॉटेलात एक जेवणही नको. ज्या कामांचं जू तिच्या खांद्यावर बसतं तीच कामं तेवढे दिवस दुसऱ्याने करायची. घरात हे करणारं दुसरं कुणी नसेल तर पोळ्या बचत गटाच्या ताईंकडून आणाव्यात, त्यांनाही चार पैसे मिळतात. एकटीनेच संसार ओढणाऱ्या बाया आमच्या गल्लीत आहेत. त्यांच्यासाठी शेजारणींनी एकेक वेळचा डबा वाटून घ्यावा. भिंगारमध्ये बाळंतिणीला असा डबा द्यायची रीत आहेच, ती वाढवायला काय हरकत?

गेल्या वर्षी आमच्या घरात हे केलं. ह्यांनी दिवसपाळी मागून घेतली. मुलाने सकाळचा चहा आणि संध्याकाळची खिचडी घेतली, मुलीने ताटं-पाणी. सासूबाई आधी नाराज होत्या. पाव्हणे आले तर काय म्हणतील, हा त्यांचा प्रश्न होता. पहिल्या दुपारी मला झोप लागेना. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, मग “जिरं कुठंय?” असं कुणीतरी विचारलं, मग कुणीतरी “शोध ना” म्हणालं, आणि मग मला लागली. संध्याकाळी उठले तेव्हा ओटा पुसलेला होता आणि मुलाने डब्यांची झाकणं मोठ्यापासून लहानापर्यंत रचून ठेवली होती. ही सवय त्याला कधी लागली मला माहीत नव्हतं. कदाचित तो बरीच वर्षं असंच रचत असेल. झोप झालेल्या डोळ्यांना तो दिसला. कोजागिरीपर्यंत अशा कितीतरी गोष्टी दिसत गेल्या. लेक आजीच्या पायांना तेल लावताना ऑपरेशनची जागा चुकवून हात फिरवते. हे स्वतःच्या ताटातली साय निमूटपणे तिच्या वाटीत सारतात. शेजारच्या काकू पाणी आलं की आमचाही नळ वाजवून जातात. वहीत लिहायचं म्हटलं असतं तर यातलं काही मला सुचलं नसतं, कारण दमलेलं असताना मी हे बघतच नव्हते. माझी नजर पुढच्या कामावर असायची.

यंदा सासूबाईंनी स्वतःहून विषय काढला. त्यांचं म्हणणं, दिव्याच्या पहाऱ्याचीही पाळी लागली पाहिजे, नऊ रात्री त्या एकट्या जागणार नाहीत. मुलगा दहावीचा अभ्यास करत एक वाजेपर्यंत जागा असतोच, तोवरचा दिवा त्याने घेतला आहे. पळीतून तेल कसं सोडायचं ते आजी त्याला शिकवते आहे. भाजणी आम्ही कोजागिरी झाल्यावरच दळायला टाकणार आहोत, आणि गिरणीवाल्या दादांना तसं आधीच सांगून ठेवलं आहे.